२२२ किलोमीटर, पेट्रोल पंप शून्य

अमेरिकेहून सुट्टीवर आलेला कुठलाही नातेवाईक घ्या. पहिल्या दहा मिनिटांत तो तिथल्या रस्त्यांवर येतोच. ‘पोटातलं पाणी हलत नाही गं,’ हे वाक्य तर ठरलेलं. त्यामुळे माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, फोनवर म्हणाला, ‘तू ये तर, पोटातलं पाणीच काय, दाढासुद्धा हलतील असा रस्ता दाखवतो,’ तेव्हा मी लगेच कान टवकारले. हायवेची आणि मॉलची वर्णनं लिहून झाली आहेत सगळ्यांची. हे काहीतरी वेगळं होतं.

त्या रस्त्याचं नाव मोहावी रोड. (स्पेलिंगमध्ये ‘जे’ आहे, पण म्हणताना ‘ह’. ‘मोजावे’ म्हटलंत तर दादासारखे लोक चेहरा पाडून बघतात.) कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेवर, कोलोरॅडो नदीच्या काठी नीडल्स गावाच्या बाजूला तो सुरू होतो आणि बार्स्टोच्या अलीकडे आय-१५ हायवेजवळ संपतो. मध्ये १३८ मैल, म्हणजे साधारण २२२ किलोमीटर वाळवंट. बराचसा भाग मोहावी नॅशनल प्रिझर्व्हमधून जातो. अंतर म्हणाल तर पुणे-नाशिक एवढंच. पण नाशिकला जाताना नारायणगाव लागतं, संगमनेर लागतं, चहा-मिसळ होते. इथे अख्ख्या रस्त्यावर एक पेट्रोल पंप नाही, टपरी नाही, नळ नाही आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंजही नाही. डांबरी रस्ते भेटतात, पण बहुतेक सगळे आडवे जाणारे. आपण ते ओलांडायचे आणि पुन्हा वाळूत उतरायचं.

आता दादाबद्दल. तो अर्व्हाइनला राहतो, नऊ वर्षं झाली. आयटीत आहे हे सांगायला नकोच. यंदा जानेवारीत त्याची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की नवी शोधायला, नाहीतर व्हिसाचा प्रकार बदलायला, नाहीतर गाशा गुंडाळायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. हा नियमही २०१७ सालचा. त्याआधी तर तेवढेसुद्धा हक्काचे नव्हते. मी पोचले तेव्हा त्याचे ३४ दिवस उरले होते. फ्रिजवर कॅलेंडर लावलेलं होतं आणि वहिनी रोज सकाळी दूध काढताना एक चौकोन खोडत होती. कोणी काही बोलत नव्हतं. दहा वर्षं जुनी जीप रँग्लर विकायची ठरली होती, गिऱ्हाईकही ठरलं होतं. ते रविवारी येणार होतं. ट्रिप रद्द होणार असं मी धरूनच चालले होते, तर वहिनीच म्हणाली, ‘घरी बसला की दर पाच मिनिटांनी मेल रिफ्रेश करतो. घेऊन जा त्याला तीन दिवस. तिकडे रेंज नसते ना?’

तर असे आम्ही फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका गुरुवारी निघालो. जीपमध्ये दादा आणि मी. दुसऱ्या गाडीत दादाचा मित्र, मूळचा नागपूरचा, त्याच्या फोर-रनरसह. या रस्त्यावर एकट्या गाडीने जाऊ नये असं सगळे सांगतात, कारण रुतलात तर ओढायला दुसरी गाडी लागते. नागपूरकर बरोबर असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे उन्हाचं कौतुक करायचं नसतं. ‘हे काय ऊन आहे का?’ हे त्याने तीन दिवसांत इतक्या वेळा म्हटलं की मी मोजणं सोडून दिलं.

सामानाची यादी ऐकून तुम्हाला गिर्यारोहणाची मोहीम वाटेल, पण त्यात डोकं फारसं लागत नाही. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी, आणि वर एका दिवसाचं जास्तीचं. नीडल्सलाच टाकी काठोकाठ भरायची, शिवाय कॅन. फावडं, ओढायचा पट्टा, स्टेपनी (ती तपासलेली!), टायरमध्ये हवा भरायचा छोटा कंप्रेसर. खाण्याची आघाडी वहिनीने सांभाळली होती: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवड्याचा डबा, आणि कॅम्पवर करायला पोहे.

डांबर सोडल्यावर पहिलं काम म्हणजे टायरमधली हवा सोडणं. मला वाटलं चेष्टा करताहेत. पण ३५ची हवा १८पर्यंत आणली की टायर जमिनीवर पसरतो, वाळूत बुडत नाही आणि दगडांवर धक्केही कमी बसतात. चार चाकांवर वाकून ‘फुस्स’ ऐकत बसायचं, वीस मिनिटं. नंतर वेग ताशी पंचवीस-तीसच्या वर क्वचितच गेला. ऑफ-रोडिंग म्हणजे धुरळा उडवत गाडी पळवणं, ही जाहिरातवाल्यांची कल्पना आहे. खरं ऑफ-रोडिंग बैलगाडीच्या जास्त जवळचं. पुढच्या दहा फुटांकडे बघायचं, चाक कुठे टाकायचं ते ठरवायचं, टाकायचं. मग पुढचे दहा फूट.

या रस्त्याला ‘रस्ता’ हे नाव फार उशिरा मिळालं. मुळात ही मोहावी लोकांची पायवाट. कोलोरॅडोच्या काठी शेती करून राहणारे हे लोक तिथून थेट पॅसिफिक समुद्रापर्यंत व्यापाराला जायचे आणि शंख-शिंपले घेऊन परतायचे. आजही नीडल्सच्या आसपास त्यांची वस्ती आणि त्यांचं राखीव क्षेत्र आहे. उत्तरेकडे दिसणारा स्पिरिट माउंटन त्यांना पवित्र. ते आणि भोवतालचा मुलूख २०२३ साली ‘आवी क्वा आमे’ या नावाने राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला. या पायवाटेची गंमत अशी, की ती सरळ नाही. नकाशावर ती उगाच वाकडीतिकडी जाते असं वाटतं, आणि मग कळतं की ती एका झऱ्याकडून दुसऱ्या झऱ्याकडे जाते. पायूट क्रीक, रॉक स्प्रिंग, मार्ल स्प्रिंग्ज, सोडा स्प्रिंग्ज. आपल्याकडे गडावर जाताना टाकं कुठे आहे हे आधी विचारतात, तसंच. फक्त इथे दोन टाक्यांमध्ये दिवसभराची चाल आहे, आणि मार्ल ते सोडा हा टप्पा तर ३४ मैलांचा, म्हणजे ५५ किलोमीटर कोरडा. त्याच्या बरोबर मध्यावरच्या डोंगराच्या सोंडेचं नाव आहे सेव्हन्टीन माइल पॉइंट. पाणी दोन्हीकडे सतराच मैल. परत फिरायचा मोहही तिथेच संपत असेल.

बाकी सगळे नंतर याच वाटेने आले. १७७६ साली फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश पाद्री मोहावी वाटाड्यांच्या सोबतीने गेला. १८२६ साली जेडेडाया स्मिथ हा फर-व्यापारी. नंतर अमेरिकन लष्कर, टपाल, खेचरांच्या गाड्या. आणि उंट! १८५५ साली अमेरिकन काँग्रेसने लष्करासाठी उंट आणायला ३० हजार डॉलर मंजूर केले होते. भूमध्य समुद्राच्या काठावरून ते जहाजाने टेक्सासला आले आणि १८५७ साली एडवर्ड बील नावाचा अधिकारी त्यातले काही घेऊन कोलोरॅडो ओलांडून कॅलिफोर्नियात शिरला. उंटांना वाळवंट मानवलं. खेचरांना उंट मानवले नाहीत. यादवी युद्ध सुरू झालं आणि प्रयोग गुंडाळला गेला.

पायूट क्रीकला आम्ही दुपारी पोचलो. तीन तास करड्या झुडपांखेरीज काही न बघितल्यावर अचानक हिरवीगार विलोची आणि कॉटनवुडची झाडं दिसली तर डोळ्यांना खरंच दुखतं. ओढा बारमाही आहे, पण जेमतेम थोडं अंतर वाहतो आणि वाळूत गडप होतो. काठावर १८६७ साली लष्कराने बांधलेल्या चौकीच्या दगडी भिंती उरल्या आहेत, कमरेएवढ्या. वर डोंगरावर जुन्या गाड्यांच्या लोखंडी धावांनी खडकात पाडलेल्या चाकोऱ्या अजून दिसतात. (चाकोरी हा शब्द आपण किती सहज वापरतो. इथे पायाने चाचपता येते.) नागपूरकर पाण्यात पाय सोडून बसला. दादा भिंतीच्या सावलीत बसून नकळत खिशातून फोन काढत होता, बघत होता, ठेवत होता. रेंज नव्हतीच.

पुढे चढून गेलं की लॅनफेअर व्हॅली लागते. उंच, सपाट, आणि जोशुआ ट्रीची रानं. हे झाड पहिल्यांदा बघणाऱ्याला हसूच येतं. हात वर करून गोंधळ घालणाऱ्या माणसांचा जमाव असावा असं दिसतं. खरं तर ते झाड नाहीच, युक्काच्या कुळातलं आहे, आणि त्याचं परागीकरण फक्त एक बारीकसा पतंग करतो. तो नाही तर झाड नाही, झाड नाही तर तो नाही.

या खोऱ्यात १९१०च्या सुमारास माणसं राहायला आली होती. सरकार फुकट जमीन देत होतं, अट एवढीच की राहायचं आणि कसायची. नेमका त्या वर्षांत पाऊस बरा झाला. गहू आला, शाळा आल्या, पोस्ट आलं. डनबर नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्तीही इथे होती. मग पाऊस नेहमीसारखा, म्हणजे जवळजवळ नाहीच, पडायला लागला. दहा-पंधरा वर्षांत बहुतेक लोक निघून गेले. आता कुठे कुठे पाया दिसतो, गंजलेली डबडी दिसतात. दादा बराच वेळ एका तशा जागेवर उभा होता. मी म्हटलं, काय बघतोयस? म्हणाला, ‘काही नाही. यांनाही कागद होते सगळे.’

संध्याकाळच्या आत वॉटसन वॉश उतरायचा होता. वॉश म्हणजे कोरडा ओढा. त्याच्या काठावर रस्ता अचानक संपतो आणि खाली, अक्षरशः खाली, पुन्हा सुरू होतो. मी आधी उतरून फोटो काढायचं निमित्त शोधलं. दादाने गिअर सर्वांत खालच्या रेंजमध्ये टाकला, ब्रेकवरून पाय काढला आणि इंजिनच्या जोरावर जीपला मुंगीच्या पावलांनी उतरवलं. एक चाक क्षणभर हवेत होतं. त्याचा चेहरा पाहिला तर गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच त्याच्या कपाळावरची आठी नव्हती! नागपूरकर मागून उतरला आणि म्हणाला, ‘यापेक्षा वर्धा रोडवर जास्त खड्डे असायचे.’

जवळच रॉक स्प्रिंग आणि तिथलं दगडी घर. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने फुप्फुसं गेलेला बर्ट स्मिथ नावाचा सैनिक १९२९च्या सुमारास इथे कोरड्या हवेत राहायला आला. फार दिवस काढणार नाही असं धरलं गेलं होतं. त्यानंतर तो जवळजवळ पंचवीस वर्षं याच घरात राहिला. थोडं पुढे गव्हर्नमेंट होल्स नावाच्या विहिरीपाशी १९२५ साली दोन माणसांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या आणि दोघेही मेले. भांडण गुरांचं, जमिनीचं, आणि अर्थातच पाण्याचं.

रात्र तिथून जवळच काढली. आधी कोणीतरी मुक्काम केलेल्या मोकळ्या जागेवरच तंबू टाकायचा, नवी जागा तुडवायची नाही, असा इथला नियम आहे. वाळवंट म्हणजे गरम, हा समज रात्री साडेआठला संपला. आम्ही बाराशे मीटरच्या वर होतो. सकाळी बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची पातळ साय होती. पण मधली रात्र! उत्तरेला क्षितिजावर लास व्हेगासचा पिवळट उजेड होता. त्याकडे पाठ केली की बाकी सगळं आकाश आपलं.

शुक्रवारी सकाळी पोहे. (जिरं राहिलं होतं. नागपूरकराने तर्रीची मागणी केली, ती फेटाळण्यात आली.) निघताना दादाने चारही चाकांखाली वाकून बघितलं. सवय म्हणून नाही, नियम म्हणून. थंडी सरता सरता कासवं बाहेर पडतात आणि सावली म्हणून गाडीखाली येऊन बसतात. डेझर्ट टॉरटॉइस हे इथलं संरक्षित कासव महिनोन्महिने पाण्याविना जगतं, कारण मूत्राशयात पाण्याचा साठा ठेवतं. तुम्ही कौतुकाने उचललंत तर ते घाबरून तो साठा सोडून देतं आणि नंतर तहानेने मरू शकतं. त्यामुळे दिसलं तर लांबून बघायचं. आम्हाला दिसलं नाही.

केल्सो-सीमा रोड ओलांडताना उत्तरेला सीमा डोम दिसतो. एक प्रचंड, उलटी परात ठेवावी तसा उंचवटा. तिथे जगातल्या सर्वांत दाट जोशुआ वनांपैकी एक होतं. ऑगस्ट २०२० मध्ये वीज पडली, ४३ हजार एकरांवर आग पसरली आणि साधारण १३ लाख झाडं गेली. २०२३ मध्ये यॉर्क फायर नावाच्या दुसऱ्या आगीत प्रिझर्व्हच्या पूर्वेकडचे आणखी ९३ हजार एकर. या झाडांना आगीची सवयच नाही, कारण पूर्वी दोन झाडांच्या मध्ये जळायला काही नसायचं. आता बाहेरून आलेलं गवत मध्ये वाढतं आणि तेच वातीचं काम करतं. नंतर स्वयंसेवकांनी रोपं लावली. जिथे गाडी नेता येत नाही तिथे पाणी आणि रोपं वाहायला काय वापरलं असेल? उंट. बीलनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी.

मग आला मेलबॉक्स. ओसाड माळावर एक झेंड्याचा खांब आणि त्याशेजारी साधी पत्र्याची टपालपेटी, पत्ता नाही, पोस्टमन नाही. आत वही. जाणाऱ्याने नाव लिहायचं आणि पेटी बंद करायची. ही पेटी १९८३ साली लावली ‘फ्रेंड्स ऑफ द मोहावी रोड’ या मंडळींनी, आणि त्यांच्यामागे होता डेनिस केसबियर. त्याच्याबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हा माणूस नौदलाकडे नोकरी करणारा फिजिसिस्ट. १८८३ साली दक्षिणेकडून रेल्वे गेली आणि मोहावी रोड विस्मरणात गेला होता. केसबियरने लष्कराचे जुने कागद वाचून, शनिवार-रविवार पायपीट करून तो पुन्हा शोधून काढला. मित्र जमवून कडेला दगडांच्या राशी रचल्या, १९८३ मध्ये मैल-मैलाची माहिती देणारं पुस्तक काढलं. आजही लोक ते पुस्तक मांडीवर ठेवूनच गाडी चालवतात. तो २०२१ साली गेला. वीकेण्डला काय करायचं हा प्रश्न पडणाऱ्या माझ्यासारखीला हा माणूस जरा अस्वस्थ करतो.

मेलबॉक्समागे आणखी एक प्रकार आहे. लोकांनी आणून ठेवलेले खेळण्यातले बेडूक आणि बागेतले बुटके, शेकड्यांनी. का? विचारायचं नाही. दादाने वहीत नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि गावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्याने ‘पुणे’ लिहिलं.

मार्ल स्प्रिंग्जनंतर जमीन काळी होते. तीसच्या वर ज्वालामुखीचे शंकू, कोळशाच्या वखारीसारखे दिसणारे लाव्ह्याचे पट्टे, आणि त्यात शिरून उतरायला शिडी असलेली लाव्ह्याची नळी. आपण दख्खनच्या लाव्ह्यावर वाढलेली माणसं, पण आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा. इथला सर्वांत ताजा काही हजार वर्षांचा, कडा अजून धारदार. गुहेत छताच्या भोकांतून उन्हाचे झोत पडतात आणि धूळ उडवली की ते झोत घट्ट दिसतात. फोटोवाल्यांसाठी सोन्याची खाण. आम्ही तिथे तास घालवला आणि शुक्रवारचा मुक्कामही त्या काळ्या शंकूंच्या सोबतीने केला.

शनिवारी सकाळी सोडा लेक. नावात तळं आहे, पण वर्षातला बहुतेक काळ पाणी नसतं, पांढरं मीठ पसरलेलं असतं, क्षितिजापर्यंत. मोहावी रोड थेट त्याच्यावरून जातो. मध्यभागी प्रवाशांचं स्मारक आहे, म्हणजे दगडांचा ढीग. प्रत्येकाने आपला एक दगड आणायचा आणि ढिगावर ठेवायचा. वर एक पाटी आहे. तिच्यावर काय लिहिलंय ते जाऊन आलेल्याने न गेलेल्याला सांगायचं नाही, हा अलिखित करार आणि सगळे तो पाळतात. दादाने आपला दगड अंगणातून आणला होता. भाड्याच्या घराच्या अंगणातला साधा गोटा, वहिनीने कुंडीतून काढून दिलेला.

तळ्याच्या काठावर थांबलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. पृष्ठभाग कोरडा दिसत होता, भेगाही होत्या. लांबवर मात्र एक चकाकी होती आणि ती मृगजळ आहे की पाणी हे सांगता येत नव्हतं. त्या हिवाळ्यात पाऊस झाला होता. वरून वाळलेल्या पापुद्र्याखाली चिखल असला तर गाडी अॅक्सलपर्यंत जाते, आणि मग ओढणारी दुसरी गाडीही त्याच चिखलात उभी असते. नागपूरकराचं म्हणणं, काठाकाठाने, वेग न सोडता जाऊ, जमेल. दादा काही बोलला नाही. बूट घट्ट केले आणि फावडं घेऊन चालत निघाला.

मला तो हळूहळू लहान होत जाताना दिसत होता. साधारण तीनशे पावलांवर त्याने फावडं रोवलं, पुढे गेला, पुन्हा रोवलं. मग तो वाकून काहीतरी करत राहिला. परत आला तेव्हा उजव्या पायातला बूट हातात होता आणि मोजा घोट्यापर्यंत राखाडी.

‘जायचं नाही,’ तो म्हणाला.

नागपूरकर म्हणाला, ‘अरे, शेवटचं आहे तुझं. एवढ्या लांब आलो.’

‘म्हणूनच. उद्या गिऱ्हाईक येणारेय. आणि मला सोमवारी पहाटे तिथे बसून मेल बघायचाय, इथे चिखलात नाही.’ हे म्हणताना तो चक्क हसत होता. दगड तिथेच काठावर ठेवावा असं मी सुचवलं. तो म्हणाला, ‘काठावर ठेवला तर तो नुसता दगड.’

मग वळसा. थोडं मागे जाऊन डांबरी केलबेकर रोड पकडायचा, उत्तरेला बेकर गावात जायचं आणि तिथून आय-१५. बेकरमध्ये जगातला सर्वांत उंच थर्मामीटर आहे, १३४ फुटांचा. शेजारच्या डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सिअस नोंदलं गेलं, त्याच्या मानार्थ. शनिवारी तो ७१ दाखवत होता. (नागपूरकर: ‘हे काय...’ आम्ही दोघांनी एका सुरात वाक्य पूर्ण केलं.) त्याच्याच पायथ्याशी दादाच्या फोनला रेंज आली आणि तो थरथरत सुटला. दोन दिवसांचे मेल. दादाने कंप्रेसर लावला, चारही टायरमध्ये हवा भरली, सावकाश, एकेक करून. मग फोन बघितला. एका कंपनीने दुसऱ्या राउंडसाठी मंगळवारची वेळ मागितली होती. दोघींनी नाही म्हटलं होतं.

हायवेवरून जाताना ‘झायझिक्स रोड’ अशी पाटी लागते. सोडा स्प्रिंग्जचं हे नवं नाव १९४४ साली कर्टिस स्प्रिंगर नावाच्या एका भोंदू औषधवाल्याने ठेवलं, इंग्रजी शब्दांच्या यादीत सर्वांत शेवटी यावं म्हणून. त्याने तिथे आरोग्यधाम चालवलं, तेही सरकारी जमिनीवर, आणि १९७४ साली सरकारने त्याला हाकलून काढलं. आता तिथे विद्यापीठाचं वाळवंट-अभ्यास केंद्र आहे. ही गोष्ट एका वेगळ्या लेखाची.

आम्हाला ऍफ्टन कॅन्यन गाठायचं होतं, रस्त्याच्या पश्चिम टोकाजवळ. मोहावी नदी ही उलट्या स्वभावाची बाई आहे. सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरात उगम, समुद्र हाकेच्या अंतरावर, पण ती निघते नेमकी विरुद्ध दिशेला, वाळवंटात. बहुतेक वाट ती वाळूखालून वाहते आणि सोडा लेकच्या आसपास संपून जाते. म्हणजे आम्हाला अडवणारा चिखल काही अंशी हिचाच. पण ऍफ्टन कॅन्यनमध्ये खाली खडक आहे, पाण्याला मुरायला जागा नाही, म्हणून ती इथे उघड्यावर येते. तांबूस उभे कडे, मध्ये रेल्वेचा पूल, आणि त्याखाली खरंच वाहणारं पाणी. गाड्या नदी ओलांडून जातात. आम्ही पुलाखाली बसून उरलेल्या दशम्या संपवल्या. वरून मालगाडी गेली, लांबच लांब. नागपूरकराने डबे मोजायला सुरुवात केली आणि शंभरनंतर सोडून दिली.

तुम्हाला जायचं असेल तर ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात इथे ४५च्या वर पारा जातो आणि मदत तासन् तास येत नाही. प्रिझर्व्हला प्रवेश-फी नाही. भाड्याने गाडी घेणार असाल तर करार नीट वाचा, बहुतेक कंपन्यांना कच्च्या रस्त्यावर गाडी नेलेली चालत नाही. खास ऑफ-रोडिंगसाठी गाड्या भाड्याने देणारे वेगळे असतात. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र बरोबर ठेवा. आणि निघण्याआधी सोडा लेकची अवस्था विचारा. तरीही काठावर उतरून स्वतः चालून बघा.

जीप रविवारी सकाळी गेली. घेणारा एक कॉलेजातला मुलगा होता. दादाने त्याला टायरमधली हवा किती ठेवायची ते दोनदा सांगितलं. ५१व्या दिवशी दादाला नोकरी मिळाली, फिनिक्सला. पगार कमी, ऊन जास्त. वहिनीने कॅलेंडर काढून टाकलं आणि पॅकिंगचे खोके आणले. सोडा लेक वाळल्यावर, म्हणजे नोव्हेंबरमध्ये, नागपूरकर पुन्हा जाणार आहे. दगड सध्या त्याच्या गाडीत आहे, ड्रायव्हरशेजारच्या कप-होल्डरमध्ये.